सागवानी तुळईतून मॉड्युलर सिंथेसायझरची पेटी: पावसाळ्यात पॅनेलची भोके का जुळेनाशी झाली?

कृष्णाकाठ, सांगली

नमस्कार. गेली चार वर्षे मी युरोरॅक पद्धतीची मॉड्यूल्स, म्हणजे सुटे भाग तारांनी जोडून वाजवायच्या इलेक्ट्रॉनिक वाद्याचे ठराविक मापाचे भाग, एकेक करून जमवत आहे आणि त्यांतली काही मी घरीच सोल्डर करून बनवली आहेत. गेल्या फाल्गुनात त्यांच्यासाठी १०४ एचपीची (एचपी हे मॉड्यूलच्या रुंदीचे एकक), दोन ओळींची लाकडी पेटी करून घेतली. वखारीत आंब्याची फूटभर रुंदीची चांगली फळी मिळाली, ओळखीच्या सुतारांनी दोन दिवसांत पेटी जोडून दिली, मी अॅल्युमिनियमच्या रेल, म्हणजे मॉड्यूल्स ज्यांना स्क्रूने आवळतात त्या आडव्या पट्ट्या, बसवल्या आणि सगळी मॉड्यूल्स विनातक्रार बसली.

आषाढात फिल्टरचे मॉड्यूल दुरुस्तीसाठी काढले. खालचा स्क्रू ढिला करताच रेल स्वतःहून केसभर खाली सरकली आणि दुरुस्तीनंतर मॉड्यूल परत बसवायला गेलो तर वरचा स्क्रू बसला की खालचा आटा धरीना. व्हर्नियरने मोजल्यावर वरच्या व खालच्या रेलमधल्या आट्यांचे अंतर, जे १२२.५ मिमी असायला हवे, ते डाव्या बाजूला १२३.६ आणि उजव्या बाजूला १२३.२ भरले. मॉड्यूलच्या पुढच्या पत्र्याचे, म्हणजे पॅनेलचे, भोक ३.२ मिमीचे आणि स्क्रू ३ मिमीचा, त्यामुळे एवढा फरक पोटात घालायला तिथे जागाच नसते. मागच्या बाजूला खिळ्यांनी ठोकलेला प्लायही एका कोपऱ्यात उचलला गेला होता. आता मार्गशीर्षात तेच अंतर पुन्हा मोजले तर १२२.७ आले. म्हणजे रेल सैल नव्हत्या, पेटीच फुगली आणि आकसली, एवढे मला कळते. पण अंतर रुंदीत न वाढता उंचीतच का वाढले, हे मला नीट उलगडत नाही.

दुसरी पेटी करायची आहे आणि तिच्यासाठी माझ्याकडे जे लाकूड आहे ते मला वाया घालवायचे नाही. २०१९ च्या महापुरात आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांवर गेले, तेव्हा आमच्या जुन्या घराच्या मातीच्या भिंती खचल्या आणि पुढे ते घर उतरवावे लागले. त्यातली माजघरावरची एक सागवानी तुळई मी ठेवून घेतली. ती सात फूट लांब, आठ इंच रुंद आणि सहा इंच जाड आहे. तेव्हापासून ती गोठ्याच्या पत्र्याखाली दोन दगडांवर ठेवलेली आहे. आजी त्या तुळईला पाळणा बांधत असे. दोराने घासून पडलेली गुळगुळीत खोबण अजूनही तिच्या एका कडेवर स्पष्ट दिसते.

ही तुळई कशी चिरावी, फळी किती जाडीची ठेवावी, रेल परदेशातून मागवणे परवडत नसल्यास इथे काय करता येईल आणि लाकडी पेटीत वीजपुरवठा बसवताना काय सांभाळावे, याबद्दल जाणकारांनी सविस्तर लिहावे, ही विनंती.

तरफ, मिरज

तुम्ही आकडे दिलेत हे फार चांगले केलेत, कारण उत्तर त्या आकड्यांतच आहे. लाकूड रेषेच्या दिशेने, म्हणजे झाड ज्या दिशेने उंच वाढले त्या दिशेने, जवळजवळ फुगत नाही. रेषेला आडवे मात्र ते दर पावसाळ्यात फुगते आणि दर उन्हाळ्यात आकसते. फळी फूटभर रुंदीची होती असे तुम्ही लिहिले आहे. दोन ओळींच्या पेटीची उंचीही साधारण फूटभरच येते. त्यावरून माझा अंदाज असा की सुतारांनी कापाकापी वाचवण्यासाठी फळीची रुंदी हीच बाजूच्या फळ्यांची उंची धरली आणि रेषा पुढून मागे जाऊ दिल्या. तसे असेल तर वरची रेल आणि खालची रेल यांच्यामध्ये आडव्या रेषेचे १२२.५ मिमी लाकूड उभे राहिले. आंब्याचे लाकूड पावसात शेकडा एक भाग फुगणे ही अगदी सामान्य गोष्ट आहे, आणि १२२.५ चा शेकडा एक भाग म्हणजे १.२ मिमी. तुम्ही मोजलेली वाढ १.१ आणि ०.७ आहे. वरची आणि खालची फळी मात्र लांबीच्या दिशेने कापलेली असणार, म्हणून ५२८ मिमीची रुंदी जागची हलली नाही.

आमच्या घरात तीन पिढ्या तंबोरे आणि सतारी करण्याचे काम चालत आले आहे. मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळाले तेव्हा पुष्कळ लोक आमच्या पेठेत येऊन विचारत की या कामातले खरे कसब कशात आहे. भोपळा मंगळवेढा-पंढरपूरच्या बाजूने येतो, जवारी (तारेला गुंजन देणारी घोडीची घासणी) हाताने लागते, हे सगळे खरे आहे. पण मुलगा कामाला बसला की त्याला आम्ही पहिल्यांदा फळीवर बोट फिरवून रेष कुठून कुठे जाते ते दाखवायला सांगतो. तंबोऱ्याच्या दांडीत रेष लांबीने धावते, म्हणून घोडीपासून मेरूपर्यंतचे तारेचे अंतर श्रावणात आणि वैशाखात तेच राहते. दांडीला पीळ पडू शकतो, तबली (भोपळ्यावरची फळी) रुंदीत फुगू शकते, पण दांडी लांब होत नाही. तुमच्या पेटीतल्या दोन रेलमधले अंतर हीसुद्धा तशीच एक लांबी आहे, तेव्हा तिलाही तोच न्याय लावावा.

म्हणून नव्या पेटीत चारही फळ्यांची रेष पेटीभोवती फिरली पाहिजे. तळाच्या फळीत ती डावीकडून उजवीकडे जाईल, बाजूच्या फळीत खालून वर, आणि वरच्या फळीत पुन्हा आडवी. असे केले की लाकूड फुगले तरी चारही फळ्या फक्त खोलीत, म्हणजे पुढून मागे, आणि एकसारख्या फुगतात. खोली अर्धा मिमी वाढल्याने तुमच्या मॉड्यूल्सना काहीच फरक पडत नाही. दोन ओळींच्या पेटीचा बाहेरचा घेर मी १७४० मिमीच्या आसपास धरला आहे आणि तुमची तुळई सात फूट, म्हणजे २१३० मिमी आहे. त्यामुळे एकाच फळीतून तळ, बाजू, वरची फळी आणि दुसरी बाजू अशा क्रमाने चारही तुकडे निघतील आणि तीन कोपऱ्यांवर रेष एका तुकड्यातून दुसऱ्यात सलग उतरलेली दिसेल.

तुळई चिरण्याआधी तिच्या टोकाकडून पाहा. वर्तुळांचा मध्य कुठे आहे ते खडूने खुणवा. मध्याच्या लगतचे बोटभर लाकूड सोडून द्या, कारण भेग तिथूनच सुरू होते. त्या मध्याच्या दोन्ही अंगांना ज्या फळ्या निघतील, त्यांच्यात वर्तुळे फळीच्या पृष्ठाला उभी असतात आणि अशा फळ्या कडेच्या फळ्यांपेक्षा निम्म्याच्या आसपास हलतात. पेटीसाठी त्याच वापरा. वखारीत नेण्याआधी लोहचुंबक घेऊन तुळईचे चारही पृष्ठभाग सावकाश तपासा. जुन्या तुळईत तुटलेले खिळे बाहेरून दिसत नाहीत, मात्र सागात लोखंड असेल तिथे काळा डाग उतरलेला असतो. खिळा राहिला तर करवतीचे पाते जाईल आणि वखारवाला पुढची चीर घेणार नाही.

चिरताना फळी एक इंच जाडीची काढा आणि लगेच रंधा मारू नका. तुळई कितीही जुनी असली तरी तिच्या पोटातले लाकूड बाहेरच्या हवेला आताच भेटते आहे. फळ्यांच्या मध्ये सारख्या जाडीच्या पट्ट्या ठेवून, वर वजन देऊन, सावलीत निदान महिनाभर त्या मुरू द्याव्यात. जो काही बाक यायचा तो तेवढ्यात येतो. मग रंधून १८ मिमीवर आणा. कोपऱ्यांना बोटांसारखे एकमेकांत गुंतणारे सांधे करावेत, किंवा सुतारांचा हात चांगला असेल तर डव्हटेल (कबुतराच्या शेपटीच्या आकाराचा सांधा). सागात अंगचे तेल असते, म्हणून गोंद लावण्याआधी सांध्याचे पृष्ठ थिनरच्या फडक्याने पुसून घ्या, नाहीतर गोंद धरल्यासारखा वाटतो आणि वर्षाने सुटतो. मागचा प्लाय खाचेत मोकळा बसवा, त्याला गोंदही लावू नका आणि खिळाही मारू नका. तुमच्या पेटीचा कोपरा उचलला गेला तो त्या खिळ्यांमुळेच.

आणि पाळण्याच्या दोराची खोबण रंधून टाकू नका. फळ्या अशा चिरून घ्या की ती कड पेटीच्या वरच्या फळीच्या मागच्या काठावर येईल.

मायक्रोमीटर, कुपवाड

रेलबद्दल लिहितो. माझे कुपवाडच्या औद्योगिक वसाहतीत लहानसे मशीन शॉप आहे आणि स्वतःच्या पेटीच्या रेल मी तिथेच केल्या आहेत.

पहिली सूचना अशी की बाजारात सहज मिळणारे २० बाय २० मिमीचे खाचांचे अॅल्युमिनियम प्रोफाइल घेण्याचा मोह टाळावा. मी तो प्रयोग करून पाहिला आणि ते साहित्य वाया गेले. स्क्रूची रेघ त्या प्रोफाइलच्या मध्यावर येते, म्हणून प्रत्येक प्रोफाइल आतल्या बाजूला १० मिमी घुसते आणि दोन रेलमध्ये १०२.५ मिमीच मोकळी जागा उरते. पुष्कळ मॉड्यूल्सचे सर्किट बोर्ड उंचीला ११० मिमीच्या जवळपास असतात, त्यामुळे ते आतच जात नाहीत. स्क्रूच्या रेघेपासून आतल्या बाजूला सहा मिमीपेक्षा जास्त धातू असता कामा नये, हा हिशेब आधी पक्का करावा.

मी १० मिमी जाड आणि १५ मिमी रुंद अॅल्युमिनियमची पट्टी घेतली आणि तिची १० मिमीची कड पुढे ठेवली. आट्यांची रेघ त्या कडेच्या मध्यावर असल्याने आत पाचच मिमी धातू राहतो आणि ११२.५ मिमी मोकळे मिळतात. यात आणखी एक सोय अशी की रॅकच्या मापाप्रमाणे दोन ओळी १३३.३५ मिमीच्या अंतराने लावल्या तर वरच्या ओळीची खालची रेघ आणि खालच्या ओळीची वरची रेघ यांच्यात १०.८५ मिमी उरतात. म्हणजे १० मिमीच्या दोन पट्ट्या एकमेकींना न घासता शेजारी बसतात.

एक एचपी म्हणजे ५.०८ मिमी. पहिले भोक पेटीच्या डाव्या आतल्या कडेपासून ७.५ मिमीवर घ्यावे आणि पुढे दर ५.०८ मिमीवर एक, असे शंभराहून अधिक. प्रत्येक माप पहिल्या शून्यापासूनच मोजावे, आधीच्या भोकापासून मोजू नये. एका भोकात ०.०५ मिमीची चूक एकाच दिशेने होत गेली तर शंभराव्या भोकापाशी ती पाच मिमी होते, म्हणजे एक पूर्ण एचपी. मिलिंग मशीनला आकडे दाखवणारी पट्टी असेल तर हे काम निर्धास्तपणे होते. भोक २.५ मिमीचे पाडून ३ मिमीचा टॅप (आटे पाडायचे हत्यार) मारावा आणि टॅपला रॉकेल लावत राहावे, नाहीतर अॅल्युमिनियम टॅपला चिकटून टॅप आतच मोडतो. ही भोके सहा-सात मिमीपेक्षा खोल नेऊ नयेत, कारण पट्टीच्या टोकांतून ५ मिमीचा स्क्रू आत येणार असतो. तो पुढच्या कडेपासून १० मिमी मागे घेतला म्हणजे दोन भोके एकमेकांत शिरत नाहीत.

बाजूच्या दोन फळ्यांना भोके पाडताना त्या समोरासमोर ठेवून शिकंज्यात आवळाव्यात आणि एकाच वेळी दोन्हींतून ड्रिल न्यावे. भोक ५.५ मिमीचे ठेवावे, म्हणजे रेलला किंचित हलायला जागा राहते. रेल बसवताना टेपवर विसंबू नये. दोन कोरी पॅनेल घेऊन एक डाव्या टोकाला आणि एक उजव्या टोकाला चारही स्क्रूंनी बसवावे, रेल आपोआप समांतर होतात, आणि मगच बाहेरचे स्क्रू वॉशर घालून आवळावेत. पेटीची आतली रुंदी ५२८.३ च्या ऐवजी ५२९.५ ठेवा. पॅनेल कापणारे सगळेच उणा फरक ठेवतातच असे नाही, आणि शेवटचे मॉड्यूल कानसेने घासून बसवावे लागणे हा फार वाईट अनुभव असतो.

तुमची मापे पक्की झाली की कळवा. सांगलीचेच आहात, माझ्याकडे पट्ट्यांचे तुकडे शिल्लक असतात.

प्रीतिसंगम, कराड

वरचे सगळे मान्य करूनही एक वेगळे मत नोंदवतो. ज्यांच्याकडे अशी तुळई नाही त्यांनी भरीव लाकडाच्या मागे लागू नये. आयएस ७१० प्रतीचा १८ मिमी मरीन प्लाय घ्यावा. त्यात एकाआड एक थरांच्या रेषा काटकोनात असतात, त्यामुळे तो कुठल्याच दिशेने जाणवण्याइतका फुगत नाही आणि रेषेचा विचारच करावा लागत नाही. माझी पेटी सहा पावसाळे अशीच टिकली आहे. प्लायच्या कडेत मात्र स्क्रू धरत नाही, म्हणून कोपऱ्यांत आतून लाकडी ठोकळे द्यावे लागतात.

सागाला सनमायका किंवा जाड वार्निश लावू नका. जवसाचे उकळलेले तेल पातळ करून तीन हात द्यावेत आणि प्रत्येक हातानंतर एक-दोन दिवस थांबावे. तेलाची फडकी चुरगळून कोपऱ्यात टाकू नयेत. हे तेल वाळताना उष्णता सोडते आणि गोळा केलेले फडके आपोआप पेट घेऊ शकते. ती बाहेर दोरीवर पसरून वाळवावीत किंवा पाण्यात बुडवून ठेवावीत.

कृष्णाकाठ, सांगली

सर्वांचे मनापासून आभार. मिरजेच्या सदस्यांनी लिहिल्याप्रमाणेच झाले होते. जुन्या पेटीच्या बाजूच्या फळ्या आज उजेडात धरून पाहिल्या आणि रेषा पुढून मागेच गेलेल्या आहेत. तुळईच्या टोकावरचा मध्य एका कडेकडे सरकलेला आहे, तरीही त्याच्या दोन अंगांना दोन चांगल्या फळ्या मिळतील असे दिसते.

विजेबद्दल अजून विचारायचे आहे. माझ्या मॉड्यूल्सची बेरीज अधिक १२ व्होल्टवर ६५० मिलिअँपिअर आणि उणे १२ व्होल्टवर ४२० मिलिअँपिअर होते. सध्या लहान पुरवठा वापरतो, त्यात गुणगुण ऐकू येते आणि ऑसिलेटरचा, म्हणजे मूळ सूर काढणाऱ्या मॉड्यूलचा, सूरही हलतो. नवा पुरवठा पेटीतच बसवावा का?

चार भिंती, सातारा

मी साताऱ्यात पस्तीस वर्षे इलेक्ट्रॉनिक्सची दुरुस्ती केली आणि आता निवृत्त आहे. २३० व्होल्टची वायर लाकडी पेटीत आणूच नका, हे माझे पहिले आणि आग्रहाचे सांगणे आहे. ट्रान्सफॉर्मर, फ्यूज आणि मुख्य स्विच एका वेगळ्या पत्र्याच्या डब्यात ठेवा, तो डबा अर्थिंगला पक्का जोडा आणि तिथून १५-०-१५ व्होल्ट एवढेच तीन तारांनी पेटीकडे आणा. यात आग आणि शॉक या दोन्हींची भीती कमी होते आणि ट्रान्सफॉर्मरचे चुंबकीय क्षेत्रही मॉड्यूल्सपासून हातभर दूर राहते. गुणगुणीचे एक कारण तिथेच संपते.

पेटीत रेक्टिफायर (एसीचे डीसी करणारा), कपॅसिटर आणि रेग्युलेटर (व्होल्टेज स्थिर ठेवणारा) राहतील. १५ व्होल्ट एसी रेक्टिफाय झाल्यावर जवळपास २० व्होल्ट होतो, म्हणजे प्रत्येक रेग्युलेटरवर आठ व्होल्ट उष्णतेत जातात. तुमच्या आकड्यांप्रमाणे एकीकडे ५.२ आणि दुसरीकडे ३.४, असे मिळून साडेआठ वॅट झाले. मॉड्यूल्स स्वतः जी वीज खातात तिचीही उष्णता आतच राहते, ती आणखी १३ वॅटच्या आसपास धरा. एवढ्याने साग जळत नाही, पण बंद पेटी तापत जाते आणि ऑसिलेटरचा सूर तापमानाबरोबर सरकतो. म्हणून मागच्या प्लायमध्ये खाली एक आणि वर एक अशा लांबट फटी ठेवा, गार हवा खालून येईल आणि तापलेली वरून जाईल. रेग्युलेटरची उष्णता पसरवणारा धातूचा हीटसिंक वरच्या फटीजवळ ठेवा, ऑसिलेटर खालच्या ओळीत ठेवा, आणि सूर मिळवण्याआधी अर्धा तास पेटी चालू राहू द्या.

रेग्युलेटर बसवताना एक चूक मी अनुभवी माणसांकडूनही होताना पाहिली आहे. अधिक १२ व्होल्ट देणाऱ्या ७८१२ या रेग्युलेटरचा धातूचा पाठभाग ग्राउंडला जोडलेला असतो, पण उणे १२ देणाऱ्या ७९१२ चा पाठभाग ग्राउंडला नसून उणे इनपुटला असतो. दोन्ही एकाच हीटसिंकवर अभ्रकाची चकती न घालता आवळले, तर चालू करताच शॉर्ट होतो. चकती आणि स्क्रूभोवतीची प्लास्टिकची बुशिंग घातल्यानंतर मल्टिमीटरने पाठभाग आणि हीटसिंक यांच्यात जोडणी नाही याची खात्री करा आणि मगच पुढे जा.

आता सूर हलण्याकडे येतो. या पद्धतीत एक सप्तक म्हणजे एक व्होल्ट, म्हणून एक अर्धस्वर म्हणजे ८३.३ मिलिव्होल्ट, आणि अर्धस्वराचा शंभरावा भाग म्हणजे अवघे ०.८३ मिलिव्होल्ट. ग्राउंडची तार बारीक असेल तर तिच्यातून वाहणाऱ्या प्रवाहाने काही मिलिव्होल्टचा फरक सहज पडतो, आणि एखाद्या मॉड्यूलचे दिवे लुकलुकले की त्याबरोबर सूरही हलतो. ज्याने शेजारी तंबोरा लावून ठेवला असेल त्याच्या कानाला हे लगेच खटकते. म्हणून पुरवठ्यापासून बस बोर्डापर्यंत (मॉड्यूल्सना वीज वाटणारी पट्टी) ग्राउंडसाठी २.५ चौरस मिमीची तार घ्या आणि प्रत्येक बस बोर्डाला स्वतंत्र तार द्या, एकातून दुसऱ्यात नेऊ नका. रेललाही एक तार जोडा, कारण मॉड्यूलच्या जॅकमधून पॅनेल आणि पॅनेलमधून रेल ग्राउंडला लागतातच. ती जोडणी स्क्रूच्या भरवशावर न ठेवता पक्की केलेली बरी.

पहिल्यांदा वीज देताना एकही मॉड्यूल जोडू नका. अधिक १२ आणि उणे १२ मोजा, पंधरा मिनिटे थांबून पुन्हा मोजा. त्यानंतर सगळ्यात स्वस्त मॉड्यूल जोडा. रिबन केबलची लाल कड उणे १२ कडे असते आणि बस बोर्डावर ती बाजू कुठली हे प्रत्येक खणापाशी पक्क्या रंगाने लिहून ठेवा. पेटी भिंतीशी असते, उजेड कमी असतो, आणि उलट बसलेल्या एका केबलने महिनाभराची मेहनत एका क्षणात जाते.

जाता जाता एक आठवण द्यावीशी वाटते. अमेरिकन संगीतकार डेव्हिड ट्यूडर यांनी १९६९ साली अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेत मूग कंपनीचा मॉड्युलर सिंथेसायझर बसवला. त्या काळातल्या मूगच्या मोठ्या यंत्रांच्या पेट्या अक्रोडाच्या लाकडाच्या असत. आपल्याकडे या वाद्याची सुरुवात लाकडी पेटीतूनच झाली आहे. घरच्या सागातून तुम्ही ती करता आहात याचा मला मनापासून आनंद आहे.

कृष्णाकाठ, सांगली

आठ महिन्यांनी लिहीत आहे, त्याबद्दल क्षमस्व. श्रावण येईपर्यंत थांबायचे असे ठरवले होते.

तुळईत लोहचुंबकाने चार खिळे सापडले. पाचवा वखारीत पहिल्या चिरेच्या तोंडाशी काळ्या डागावरून ओळखू आला आणि पाते वाचले. चिरल्यावर आतून निघालेला रंग मधासारखा होता आणि साठ-सत्तर वर्षे धुरात राहिलेल्या लाकडाला तेलाचा वास इतका ताजा येईल असे मला वाटले नव्हते. महिनाभर फळ्या मुरू दिल्या, त्यांतल्या एकीला बाक आला, ती बाजूला ठेवली. सुतारांना रेषेची गोष्ट समजावून सांगितली तेव्हा ते म्हणाले की दाराच्या चौकटीला हे आम्ही पाळतोच, खोक्याला पाळावे लागते हे कधी मनात आले नव्हते. कोपऱ्यांचे सांधे त्यांनी हातानेच, पटाशीने काढले. त्या कामाला सहा दिवस लागले आणि मी ते पूर्ण वेळ शेजारी बसून पाहिले.

रेल कुपवाडला झाल्या. दोन कोऱ्या पॅनेलची युक्ती इतकी सोपी निघाली की चारही रेल एका संध्याकाळी बसल्या. पुरवठ्याचा डबा टेबलाखाली आहे आणि गुणगुण आता हेडफोन लावूनही ऐकू येत नाही. अर्ध्या तासानंतर ऑसिलेटर षड्जावर लावला तर दोन तासांनी तंबोऱ्याच्या ॲपशी ताडून पाहताना किंचित हात लावावा लागतो, तेवढेच.

काल दिवसभर पाऊस होता आणि कृष्णेचे पाणी चढत होते, म्हणून मुद्दाम व्हर्नियर घेऊन बसलो. दोन्ही ओळींतले अंतर डावीकडे आणि उजवीकडे १२२.५ आहे. पेटीची खोली मात्र १५० वरून १५०.६ झाली आहे आणि मागचा प्लाय आपल्या खाचेत मोकळा आहे. दोराची खोबण वरच्या फळीच्या मागच्या काठावर राहिली आहे आणि मॉड्यूल्स एकमेकांना जोडायच्या पॅच केबल मी तिथेच अडकवून ठेवतो.

बाक आलेली फळी सोडून दोन चांगल्या फळ्या उरल्या आहेत. कुपवाडच्या सदस्यांनी रेलची मजुरी घेण्यास नकार दिला, त्यामुळे त्यांतली एक त्यांच्यासाठी ठेवली आहे. पुढच्या आठवड्यात टेम्पो त्या बाजूला जाणार आहे. दुकानात कधी असता ते कळवा, फळी उतरवायला मी स्वतः सोबत येईन.